चांदीचा प्याला आणि कान तुटलेला कप

ती घटना आठवली की आजही माझा उजवा हात आपोआप खिशात जातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भावाभावांनी बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. पण ज्या प्रकरणाची गुन्हा रजिस्टरला नोंदसुद्धा झाली नाही, ते मात्र बारीकसारीक तपशिलासकट लक्षात राहिलं. त्यातल्या कोणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. काही माणसं देवाघरी गेली, काही अजून कोल्हापुरातच आहेत आणि मंडईत भेटली की थांबून बोलतात. बोलतात हेच उपकार म्हणायचे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. वय चौतिशीचं, अंगात रग आणि डोक्यात एक पक्की समजूत, की खोटं बोलणारा माणूस मला दारातून आत येतानाच ओळखू येतो. चार-दोन गुन्हे पटापट उघडकीला आणले होते, वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. अशा वेळी माणूस वाकायचं विसरतो.

आमच्या ठाण्याचा दिवस ठरलेला असे. सकाळी हजेरी, मग रात्रीच्या गस्तीची माहिती, स्टेशन डायरी, समन्स-वॉरंटची वाटणी आणि दहाच्या सुमारास समोरच्या टपरीवरून चहाची किटली. आमचे सहा कप टेबलाखालच्या खणात असायचे. लॉकअपशेजारच्या खिडकीत मात्र एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला होता. संशयित म्हणून आणलेल्या माणसाला चहा द्यायचा झाला तर त्यात. ज्याचा त्याने पिऊन धुवायचा आणि परत खिडकीत ठेवायचा. मी रुजू झालो तेव्हापासून तो तिथेच होता आणि तो वेगळा का, असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

एका शुक्रवारी अकराच्या सुमारास आमच्या हद्दीतल्या जुन्या दगडी चर्चचे पाळक आले. चर्चच्या सभासदांना मंडळी म्हणतात आणि मंडळीचा धर्मगुरू म्हणजे पाळक. हे पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांच्याबरोबर एक बाई होत्या. सत्तरीला टेकलेल्या, पांढरी सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा. सरकारी दवाखान्यात क्षयरोग वॉर्डात हयात घालवून निवृत्त झालेल्या परिचारिका. अख्खी मंडळी त्यांना सिस्टर म्हणत असे, म्हणून मीही इथे सिस्टरच म्हणतो. त्यांच्या पिशवीतून ग्रंथालयाचा शिक्का मारलेली एक रहस्यकथा डोकावत होती. मी मनात म्हटलं, झालं, आता ही बाई मला तपास शिकवणार. ते खरंच झालं, पण मला वाटलं होतं तसं नाही.

तक्रार अशी होती. त्यांच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा एकेक तुकडा आणि द्राक्षारसाचा एकेक घोट सगळ्यांना देतात. द्राक्षारस म्हणजे दारू नव्हे, काळे मनुके उकळून बायका घरीच करतात. आजवर सगळे एकाच चांदीच्या प्याल्यातून घोट घेत आले होते. फार वर्षांपूर्वी इथल्या दवाखान्यात राबलेल्या एका परदेशी डॉक्टर बाईंनी तो प्याला चर्चला दिला होता. पण एका प्याल्याला शेकडो तोंडं लागतात, रोगराईचे दिवस आहेत, म्हणून पंचांच्या बैठकीत ठराव झाला की यापुढे काचेचे लहान लहान पेले वापरायचे, प्रत्येकाला आपला आपला. जुना प्याला चांदीकामासाठी नावाजलेल्या हुपरीच्या कारागिराला देऊन आटवायचा आणि त्या चांदीचं लहान पेल्यांसाठी तबक घडवायचं. त्या दिवशी सकाळी कारागीर प्याला न्यायला आला. पाळकांनी आपल्या खोलीतलं कपाट उघडलं, लाकडी पेटी काढली, तर पेटीत प्याला नाही. कपाटाचं कुलूप धड, पेटी धड.

किल्ल्या दोन होत्या. एक पाळकांकडे, दुसरी चर्चच्या रखवालदाराच्या जुडग्यात. हा रखवालदार गडमुडशिंगीचा, हिंदू शेतकरी घरातला, साठीच्या आतबाहेरचा. चर्चच्या आवारात वीस-बावीस वर्षं झाडलोट, घंटा, राखण सगळं तोच करायचा. लहानथोर सगळे त्याला मामा म्हणायचे. मागच्या आठवड्यात पाळक चार दिवस बाहेरगावी होते आणि आवारात मामा एकटे होते. माझ्या दृष्टीने तपास तिथेच संपला होता.

पाळक म्हणाले, रविवारपर्यंत गुन्हा दाखल करू नका, मंडळीत उगाच बोभाटा होईल, नुसता अर्ज घ्या. मी अर्ज घेतला. सिस्टर तोवर गप्प होत्या. निघताना त्यांनी सांगितलं की पेटीत प्याल्याचा रुमाल तसाच आहे, तेवढा येऊन पाहावा. मी हो म्हटलं आणि गेलो नाही. रुमालात काय पाहायचं?

संध्याकाळी माझ्या हुपरीच्या खबऱ्याचा निरोप आला. मंगळवारी चर्चचा मामा जुनी चांदी घेऊन तिथल्या एका कारागिराकडे आला होता. मी हवालदारांकडे पाहून हसलो. आमचे हवालदार जुने, बेरकी, पेन्शनीला आलेले. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "सायेब, चोर असता तर मुडशिंगीचा माणूस हुपरीला कशाला जाईल? ती तर त्याची शेजारची वाट. तिथं त्याला धा जण वळखत्यात." मी ते कानाआड केलं.

शनिवारी सकाळी मामांना बोलावून घेतलं. त्यांना अटक केली नव्हती आणि अटकेची नोंदही नव्हती. नुसतं बसवून ठेवलं. तेव्हा हे सर्रास चालायचं. ते चूक होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. मी एकामागून एक गोष्टी त्यांच्या तोंडावर आपटत गेलो. किल्ली तुझ्याकडे होती. पाळक गावाला गेले तेव्हा तू एकटा होतास. मंगळवारी चांदी घेऊन हुपरीला गेला होतास. प्याला तू आटवलास.

त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "नातीचं वाळं करायला गेलतो सायेब. म्हातारीचं जुनं तोडं मोडलं. प्याल्याला म्या हात न्हाय लावला."

नातीचे वाळे! मला ते उत्तर इतकं तयार केलेलं वाटलं की माझा हात उठला. एकच थप्पड, पण सणसणीत बसली. मामांचं मुंडासं खाली पडलं. त्यांनी ते उचललं, झटकलं, पुन्हा डोक्याला गुंडाळलं आणि त्यानंतर दिवसभर तोंड उघडलं नाही. गुन्हेगार थप्पड खाऊन एक तर रडतो, नाहीतर पाया पडतो. हा माणूस मुंडासं नीट करत बसला, हे मला त्याच वेळी खटकायला हवं होतं.

दुपारी जीप घेऊन गडमुडशिंगीला त्यांच्या घराची झडती घेतली. गल्लीतली सगळी माणसं दारात उभी. डब्यातले तांदूळ ओतले, अंथरुणं उलगडली. प्याला मिळाला नाही. पाळण्याशेजारी कागदात गुंडाळलेले दोन नवे कोरे वाळे मिळाले. मामांची बायको म्हणाली, ते बारशाचे आहेत. तरीही मला वाटलं, राहिलेली चांदी कुठे आहे ते आज ना उद्या हा ओकेलच. एकदा मनाने आरोपी ठरवला की पुरावासुद्धा त्याच्याच विरुद्ध दिसायला लागतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सिस्टर एकट्याच ठाण्यात आल्या. मामा लॉकअपच्या बाहेर भिंतीला टेकून बसले होते, हातात तो कान तुटलेला कप. सिस्टरांनी आधी त्यांच्या गालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाळीस वर्षं रुग्ण पाहिलेल्या बाईला गालावरचा वळ कशाचा ते सांगावं लागत नाही. मला वाटलं, आता वरिष्ठांकडे तक्रार जाणार. त्या समोरच्या बाकावर बसल्या आणि अगदी शांतपणे मला विचारू लागल्या.

त्यांचा पहिला प्रश्न होता, प्याला शेवटचा कोणी आणि कधी पाहिला? मी म्हणालो, पाळक सांगतात गुरुवारपर्यंत होता. त्या म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत पेटी होती. प्याला कोणी पाहिला? महिन्यातून एकदा पेटी उघडते. म्हणजे मागच्या पहिल्या रविवारनंतर प्याला कोणाच्याही नजरेला पडलेला नाही."

चोरी कधी झाली हा कुठल्याही तपासातला पहिला प्रश्न असतो. प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. तो मी विचारलाच नव्हता.

मग त्यांनी पिशवीतून तो रुमाल काढला. पांढरा, इस्त्री केलेला, तीन घड्या घातलेला, कोपऱ्यावर भरतकामाचा क्रूस, आणि क्रूस बरोबर वर आलेला. त्या म्हणाल्या की चोर असता तर त्याने प्याला याच रुमालात गुंडाळून नेला असता. ज्याने प्याला काढला त्याने रुमाल मात्र आमच्या पद्धतीने घडी घालून पेटीत परत ठेवला. कारण हा रुमाल प्रभूच्या मेजावरचा. तो चर्चबाहेर नेणं त्याला पाप वाटलं.

"म्हणजे तुमच्यातलाच कोणीतरी," मी म्हणालो.

"आमच्यातला. आणि मामांना ही घडी येत नाही. ते कधी मेजाला हात लावत नाहीत."

नाव विचारलं तर त्या सांगेनात. मनात एक नाव आहे, पण मन घेत नाही, म्हणाल्या. चुकलं तर त्या माणसाचं उभं आयुष्य मातीला मिळेल. त्याऐवजी त्यांनी मला दुसऱ्या दिवशीच्या उपासनेला साध्या कपड्यात येऊन मागच्या बाकावर बसायला सांगितलं. त्यांच्यात अशी रीत आहे की ज्याच्या मनात पाप सलतंय, भावाशी वैर आहे, त्याने ते मिटेपर्यंत प्रभुभोजन घ्यायचं नाही. तसंच घेतलं तर ते स्वतःवर शिक्षा ओढवून घेणं समजतात. पोलिसाशी खोटं बोलणारा माणूसही तिथे खोटं करायला धजत नाही. मला हसू आलं. दंडुक्याला भिऊन कबूल होणारे चोर पाहिले होते, भाकरीला भिऊन कबूल होणारे नव्हते. पण हातात दुसरं काही नव्हतं हेही खरं.

जाताना त्यांनी मामांना सोडा म्हणून सांगितलं. मी म्हणालो, बघू. त्या बाकावर परत बसल्या आणि पिशवीतली रहस्यकथा उघडून वाचायला लागल्या. साडेसहा वाजले तरी हलेनात. शेवटी मी मामांना घरी पाठवलं आणि सोमवारी हजर राहायला सांगितलं.

रविवारी सकाळी मी चर्चमध्ये गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. चपला बाहेर काढाव्यात की नाही इथपासून गोंधळ. सिस्टरांनी मला शेवटच्या बाकावर आपल्या शेजारी बसवून घेतलं. पेटी-तबल्यावर गाणी झाली. पाळकांनी मंडळीला चोरीची बातमी सांगितली आणि मामांना पोलिसांनी चौकशीला नेल्याचंही सांगितलं. माणसांत कुजबुज झाली. मी मान वळवून एकेक चेहरा पाहत होतो. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मेजावर नवे काचेचे पेले मांडले होते, औषधाच्या मापाएवढे. आधी भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरलं. मग पेल्यांचं तबक. गेलेली वस्तू प्याला, म्हणून मी डोळे फक्त पेल्यांवर ठेवले. तिसऱ्या बाकावर एक धिप्पाड गृहस्थ होते. उद्यमनगरात त्यांची फाउंड्री होती. तबक समोर येताच त्यांनी ते हाताच्या पंजाने पुढे सरकवलं, पेल्याला शिवलेसुद्धा नाहीत. बैठकीत प्याला आटवायला यांनीच आरडाओरड करून विरोध केल्याचं पाळकांनी मला सांगितलं होतं. वर फाउंड्री म्हणजे घरचीच भट्टी. मी उठायच्या तयारीत सिस्टरांकडे झुकलो आणि म्हणालो, सापडला.

त्यांनी माझं मनगट धरलं. "भाकरीच्या वेळी कुठे पाहत होतात?"

मी सांगितलं, भाकरीकडे माझं लक्ष नव्हतं.

"त्यांनी भाकर घेतली. नुसता पेला नाकारला. तो राग आहे, साहेब, काचेच्या पेल्यांवरचा. मनात पाप असतं तर भाकरही घेतली नसती." मग त्यांनी डोळ्यांनीच पुढच्या बाकाकडे खूण केली. आवाज खाली गेला होता. "त्यांनी भाकर घेतली नाही. पेलाही घेतला नाही. चाळीस वर्षांत मी त्यांना एकदाही ताट पुढे देताना पाहिलेलं नाही."

पुढच्या बाकावर टोकाला एक म्हातारे गृहस्थ मान खाली घालून बसले होते. पांढरं धोतर, काळा कोट, मांडीवर टोपी. निवृत्त शाळामास्तर, मंडळीतले सगळ्यांत वडील पंच. प्याला आटवायच्या ठरावावर पहिली सही त्यांचीच होती. संशयाची सावलीसुद्धा त्यांच्यावर पडली नव्हती. तीन आठवडे ते गारगोटीला लेकीकडे होते आणि सकाळच्या एसटीने उतरून थेट उपासनेला आले होते. चोरीची बातमी आणि मामांची बातमी, दोन्ही त्यांनी त्या बाकावर बसूनच ऐकली होती.

उपासना संपली, माणसं बाहेर पडली, मास्तर उठले नाहीत. मी पुढे व्हायला लागलो तर सिस्टरांनी मला मागच्या बाकावरच थांबवलं आणि स्वतः जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. चर्च रिकामं, त्यामुळे शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, त्या रविवारी प्याला मी धुऊन पुसून तुमच्या हातात दिला होता."

मास्तरांनी नुसती मान हलवली. मग बोलू लागले. "माझी आई गगनबावड्याकडची. गावात हॉटेलात आम्हाला कपबशी वेगळी. बाहेर वळचणीला खोचलेली असायची. आपणच काढायची, आपणच धुवायची, आपणच परत ठेवायची. वरून चहा ओतायचे. आईचा बाप्तिस्मा झाला त्या रविवारी डॉक्टर मडमेनं या प्याल्यातून घोट घेतला आणि तोच प्याला आईच्या हातात दिला. न पुसता दिला. आई मरेपर्यंत एवढंच सांगायची, न पुसता दिला गं बाई. आणि सिस्टर, आता आपणच आपल्याला वेगळे पेले आणले."

सिस्टरांनी विचारलं की बैठकीत हे का बोलला नाहीत. ते म्हणाले, "काय बोलू? तुम्ही रोगाचं सांगितलंत आणि ते खरंच होतं. सगळी शिकलेली माणसं. पोरांना तर वेगळी कपबशी माहीतसुद्धा नाही, सांगितलं तर लाजतात. सही केली मी. पण हातात प्याला आला आणि तो पेटीत ठेवायला हात धजेना. आईच्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलाय. हुपरीचा माणूस हात हलवत गेला की पंच म्हणतील हरवला, आणि विषय संपेल, एवढाच विचार केला. आळ कोणावर येईल हा विचारच केला नाही. चोरी झाली की आळ कोणावर येतो हे मला माहीत नाही का? आमच्यावरच यायचा."

यानंतर ते रडले. मी अनेक कबुलीजबाब ऐकले आहेत. धाकाने दिलेले, मारून घेतलेले, वकिलाने पढवलेले. कोणी न मागता दिलेला असा जबाब मी पुन्हा ऐकला नाही. आणि मला लाज वाटली. त्यांच्या चोरीची नव्हे. वळचणीची ती कपबशी ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या ठाण्याची खिडकी उभी राहिली होती.

सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांचाही चष्मा ओला होता. लहान पेल्यांची सूचना मूळ त्यांचीच होती. वॉर्डात त्यांनी माणसं खोकून खोकून मरताना पाहिली होती. "मी रोगाचा विचार केला," त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या आईचा केला नाही." मग त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि मला हुकूमच सोडला. काल ज्या गल्लीत झडती घेतलीत, त्याच गल्लीत आज दिवसाउजेडी जायचं. गणवेश घालून. आणि काल जितक्या लोकांनी पाहिलं तितक्यांच्या देखत सांगायचं.

फौजदाराने संशयिताच्या दारात जाऊन माफी मागायची ही कल्पनाच मला पचत नव्हती. माझा रुबाब, ठाण्याचा दरारा, सगळं आठवलं. मी म्हणालो की मामांना सोमवारी बोलावून सांगतो. सिस्टर माझ्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या. मी घरी जाऊन गणवेश चढवला.

दुपारी तीनला जीप गडमुडशिंगीत शिरली. मागे मास्तर, पाळक आणि सिस्टर. जीप पाहून गल्ली पुन्हा दारात आली. काल याला नेला, आज कोणाला नेतात, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. मामा उंबऱ्यात आले. मास्तर खाली उतरले आणि त्यांनी टोपी काढून हात जोडले.

"मामा, प्याला मी नेला होता. माझा अपराध तुमच्या डोक्यावर बसला. मला क्षमा करा."

मग मी बोललो. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की या माणसाने चोरी केलेली नाही, त्याच्यावर हात टाकला ती माझी चूक आहे. आवाज माझाच होता, पण वाक्य संपेपर्यंत घाम फुटला. हजार माणसांच्या मोर्चासमोर उभं राहणं त्याहून सोपं.

मामा म्हणाले, "आत या की. भाईर का हुबा?"

आम्ही घोंगड्यावर बसलो. बायकोने चहा टाकला. घरात चांगले कप चारच. एक पाळकांना, एक सिस्टरांना, एक मला, एक मास्तरांना. मामांना उरला नाही. बायको पेला शोधू लागली तर मामांनी तिला थांबवलं. मास्तरांचा अर्धा चहा झाला होता. मामांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचाच द्या हिकडं."

मास्तर कप धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तसाच द्या."

मामांना वळचणीच्या कपबशीची गोष्ट ठाऊक नव्हती. चर्चमध्ये ते बोलणं झालं तेव्हा ते आपल्या घरी होते. त्यांनी कप घेतला, उरलेला चहा दोन घोटांत संपवला आणि बायकोला आणखी टाकायला सांगितलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. सिस्टर पाळण्यातल्या पोरीचे वाळे निरखत बसल्या, पण त्यांना काही दिसत नव्हतं हे मला कळत होतं.

निघताना मी मामांना बाजूला घेतलं. एक शंका मला स्वस्थ बसू देत नव्हती. मी विचारलं, त्या रविवारी मास्तर प्याला घेऊन फाटकातून गेले तेव्हा तुम्ही फाटकावर होतात ना?

"व्हय. पिशवी जड हुती. आन् प्याल्याची दांडी वर दिसत हुती. म्हटलं, कुणा आजाऱ्याला पाजायला नेत असतील."

"मग काल मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इचारलंच न्हाय सायेब. तुम्ही नुसतं सांगत हुता."

"आणि विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "न्हाय. मास्तरानं नेला म्हंजे काय तरी कारण असंल. पर इचारायला पायजे हुतं की."

पाळकांनी तक्रार नसल्याचा जबाब दिला आणि अर्ज निकाली निघाला. प्याला आटवला नाही. लहान पेले राहिले, सिस्टर त्या बाबतीत हटल्या नाहीत. पण आता सगळा द्राक्षारस आधी त्या चांदीच्या प्याल्यात ओततात आणि सगळ्यांच्या देखत त्यातूनच लहान पेल्यांत भरतात. दोन वर्षांनी मास्तर गेले, तेव्हा प्रभुभोजनाची पेटी काढायचं आणि ठेवायचं काम पंचांनी मामांकडे सोपवलं. रुमालाची घडी त्यांना सिस्टरांनी शिकवली, असं मला पाळकांनी सांगितलं.

पुढे मला बऱ्याच बढत्या मिळाल्या, मी शेकडो तपास केले. नवे अधिकारी माझ्याकडे यायचे तेव्हा मी त्यांना एकच सांगायचो. संशयितासमोर बसलात की आपण किती विचारतोय आणि किती सांगतोय ते मोजा. आपलं सांगणं जास्त झालं की समजा, तपास आपल्याच डोक्यात चाललाय. आणि तपासाला बाहेरचं कोणी शहाणं माणूस मदत करत असेल, तर त्याच्या पिशवीत कुठलं पुस्तक आहे ते पाहून त्याची किंमत करू नका. हे मी कोणत्याही प्रशिक्षणात शिकलो नाही. एका चर्चच्या शेवटच्या बाकावर शिकलो.

त्या सोमवारी सकाळी हजेरी झाली, किटली आली. मी लॉकअपशेजारच्या खिडकीतला तो कान तुटलेला कप उचलला आणि मागच्या उकिरड्यात फेकून दिला. हवालदार पाहत होते. त्यांनी विचारलं, "सायेब, आता आरोपीला च्या कशात द्यायचा?"

मी म्हणालो, "आपल्यात."